टाकीची चावी आणि माझा भोपळ्याचा वेल

३ एप्रिल

गावच्या टाकीची चावी माझ्या कमरेला! आता पाणी आम्ही बायका सोडणार. महिनाभर नीट जमलं तर कायमचं, नाहीतर चावी परत पुरुषांकडे. मी दुसरी शिकलेली. नात म्हणाली, आजी, रोज लिही. तर लिहिते. भोपळ्याचा वेल मांडवावर चढला, हेही लिहून ठेवते.

९ एप्रिल

खालच्या आळीला पाणी पोचलं नाही. मी चावी मोजून सोळा आटे फिरवलेली. मग गेलं कुठं? चौकातले रिकामटेकडे मला बघून म्हणतात, "बायकांच्या हाती चावी, घागर कुठं भरावी?" मेल्यांनो, वीस वर्षं तुमच्या हातात होती, तेव्हा काय घागरी उतू जात होत्या?

१४ एप्रिल

कुणीतरी मध्येच नळी जोडून पाणी चोरतंय. बायकांच्या बैठकीत मी ठणकावलं — सापडेल त्याच्या घराचं पाणी वर्षभर बंद, आणि नाव टाकीवर रंगानं लिहायचं. शिंपीण म्हणाली, "तुमच्याच घरचा निघाला तर?" म्हटलं, "तर मीच लिहीन. वाकडं येईल, पण लिहीन." सगळ्या हसल्या. मी जरा जास्तच.

१५ एप्रिल

मुलगा म्हणतो, "आई, कशाला नसत्या उचापती? आपल्याला मिळतंय ना?" चोख उत्तर सुचलं, पण तो जेवून उठल्यावर.

२१ एप्रिल

खालच्या आळीतली ओली बाळंतीण लांबून घागर आणताना पडली. कंबर धरून बसली बिचारी. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या चोराच्या नरड्यात ती घागर ओतावी!

तशीच तणतणत भोपळे तोडायला गेले. पाच निघाले. सगळ्यांचे वेल उन्हानं करपले, माझा हिरवागार — आणि मी घालते काय, तर भांडी धुतलेलं तांब्याभर पाणी. नळ दुरुस्त करणारा वाटेनं जाताना म्हणाला, "आजी, हाताला गुण आहे तुमच्या." राग आला होता तरी सुखावले, खोटं कशाला लिहू? दोन भोपळे बाळंतिणीला धाडले.

२७ एप्रिल

नळ दुरुस्त करणाऱ्याचं बोलणं डोक्यातून जाईना. तांब्याभर पाण्यावर पाच भोपळे? आज बुडाशी खणलं. वीतभर खाली नळी. नवी, काळी. तिच्या मागं मागं गेले, तर एक टोक टाकीच्या पाइपाला, दुसरं माझ्या मुलाच्या मळ्यात. सांधा गळत होता, नेमका माझ्या वेलाखाली.

हाताला गुण म्हणे.

२८ एप्रिल

घराचं पाणी वर्षभर बंद — म्हणजे माझंही. मुलाचं नाव आज जन्मात पहिल्यांदा लिहिलं, टाकीवर, लाल रंगानं. एकही अक्षर वाकडं आलं नाही.