मधला थर म्हणतो, ‘झालं’

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा! आठ वाजता बाबांच्या फोनने कंप दिला आणि बाबांनी बटण दाबलं नाही. साडेआठला माझ्या फोनवर लाल निरोप. ऑफिसला जायचं सोडून धावले. जिना चढताना नको नको ते मनात आलं — आणि दार उघडलं तर साहेब खिडकीत, समोर चहाचे दोन कप, मांडीवर पेपर! "अगं बारके, आज इकडे कशी काय?"

जीव भांड्यात पडला आणि लगेच डोकंही तापलं.

ऐकू येत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. चाळीस वर्षं लिफ्टच्या मशीनघरात काढली, कान तिथेच ठेवून आले. आई गेल्यापासून एकटे राहतात आणि एकटंच राहायचं म्हणतात. म्हणून सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला खिशातला फोन थरथरतो, पडद्यावर हिरवा गोल येतो. तो दाबला की मला आणि दादाला कळतं, बाबा ठीक आहेत. फोन मीच दिलाय, आमच्या कंपनीच्या चाचणीच्या खेपेतला.

"थरथरलाच नाही," म्हणे. मी लॉग, म्हणजे फोनची आपोआप होणारी नोंद, उघडून नाकासमोर धरला. आठ वाजून शून्य मिनिटं. कंप: झालं.

"बाबा, फोन खोटं बोलत नाही."

"मग मी बोलतो का?"

यावर मी फोन त्यांच्या खिशात परत ठेवला आणि ऑफिसला निघाले. बोलायला हवं होतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळचं चुकलं. तीन आठवड्यांत तेरावं.

८ फेब्रुवारी, रविवार

दादाचा सकाळीच फोन. "हे बघ, मी तिकडे नाही, तू आहेस. फोनवाली पण तूच. तूच सांग, बाबा विसरायला लागलेत की नाही?" म्हटलं, लॉग तरी तसंच सांगतोय. "मग झालं तर. महिनाअखेर मी येतो आणि त्यांना घेऊन जातो. वहिनीने मागची खोली रिकामी केलीय." दादा वाईट नाही. घाबरलाय. पण त्याच्याकडे बाबा बाराव्या मजल्यावर बसून काय करणार? ओळखीचं कोण आहे तिथे?

दुपारी बाबांकडे. आज भलतेच खुशीत. म्हणाले, "बारके, इतकी वर्षं झाली, तू नक्की करतेस काय ते एकदा नीट सांग." मग मी पेपरच्या समासात चौकोनावर चौकोन काढले. सगळ्यात वर ॲप — तुम्हाला दिसतो तो हिरवा गोल. त्याखाली सगळ्या ॲपना सांभाळणारी चौकट. त्याखाली आम्ही, मधला थर. आमच्या खाली ड्रायव्हर आणि कर्नेल, यंत्राच्या भागांना थेट हुकूम देणारे. आणि तळाला मोटर, शर्टाच्या बटणाएवढी, तीच थरथरते. ॲप म्हणतं, कंप दे. तो हुकूम एकेक थर उतरत जातो. खालून ‘झालं’ असा जबाब एकेक थर चढत येतो. प्रत्येकाने फक्त शेजारच्याशी बोलायचं, त्याच्याही खाली डोकवायचं नाही. मोटर उद्या दुसऱ्या कारखान्याची आली तरी वर कुणाला पत्ता लागत नाही, आणि यातच सगळी मजा आहे!

बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, "लिफ्टच्या बटणात दिवा असतो ना, तो लागला म्हणजे लिफ्ट आली असं नाही. हुकूम गेला, एवढंच. मी नव्या पोरांना सांगायचो, दिव्याला विचारू नका, लिफ्टच्या पाळण्याला हात लावून बघा." आणि फोन कानाशी नेऊन हलवला. बहिरा माणूस! मग बोटांनी चाचपला. "आत काहीतरी सैल आहे. हाताला कळतं."

मी हसले. फोनमध्ये काय डोंबल सैल असणार!

बँकेचा मॅनेजर लिफ्टमध्ये अडकला होता ती गोष्ट सांगितली. अर्ध्या तासाने परत सांगितली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांकडे. ऐकू न येणाऱ्याची स्मरणशक्तीची चाचणी घेणं अवघड असतं म्हणाले, प्रश्न लिहून द्यावे लागले. गुण काठावरचे. "वयाच्या मानाने चालतील. घरच्यांचं निरीक्षण काय?" मी लॉगची छापील प्रत पुढे केली. सोळा तारखा, सोळा वेळा ‘झालं’. डॉक्टर बराच वेळ वाचत होते. मग कागदावर लिहिलं — एकटं राहणं योग्य नाही.

बाबांनी तो कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. रस्ताभर लिफ्टची एकही गोष्ट नाही. एरवी या माणसाला गप्प बसवावं लागतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज सतरावं.

मी पोचले तेव्हा बाबा पलंगावर हत्यारांची पेटी उघडून बसले होते. पाने, पक्कड, टेस्टर, सगळं पुसून ओळीत मांडलेलं. खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनला देऊन टाकायचं म्हणाले. "दादाकडे काय करू घेऊन? तिथे लिफ्ट बिघडली तर कंपनीचा माणूस येतो."

म्हणजे तयार झाले! मला हायसं वाटायला हवं होतं.

मग म्हणाले, "बारके, तो थरथरत नाही असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण तू शिकलेली, तू म्हणतेस थरथरतो. मग माझंच कुठेतरी सुटत असणार. आता गॅस बंद केला की तीनदा उठून बघतो. आधी असं नव्हतं." हे सगळं अगदी शांतपणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन माझ्या हातात दिला. "जाण्याआधी एकदा उघडून बघ. माझ्या समाधानासाठी."

१८ फेब्रुवारी, बुधवार

फोन दोन दिवस टेबलावर पडून. आज जेवणाच्या सुट्टीत तळघरवाल्याकडे नेला. ड्रायव्हर लिहितो म्हणून आम्ही त्याला तळघरवाला म्हणतो, बसतो खरं तर चौथ्या मजल्यावर. दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली आठ शिव्या. त्याने फोन उघडला, मोटरवर नख टेकवलं. "हलतेय की. जोडणीची पट्टी नीट बसलेली नाही. कधी चिकटते, कधी सुटते."

मी म्हटलं, "मग तुझ्या ड्रायव्हरने सांगायला नको?"

"सांगतोच आहे!" चाचणीच्या खेपेतले फोन प्रत्येक थराचा वेगळा लॉग ठेवतात. त्याने खालचा काढला. मोटर उत्तर देत नाही. मोटर उत्तर देत नाही. मोटर उत्तर देत नाही. त्याच तारखा, त्याच वेळा! "आम्ही खालून बोंबलतोय बाई. वर कोण ऐकत नाही ते तुझ्या मजल्यावर जाऊन बघ."

आमच्यात हेच चालतं. वरचे खालच्यांना दोष देतात, खालचे वरच्यांना, आणि आम्ही मधले दोघांनाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं.

मधल्या थरात, कंपाच्या फाईलमध्ये, चार ओळी. खालून काहीही जबाब येवो, वर सांगायचं ‘झालं’. त्यावर शेरा — तात्पुरतं, ड्रायव्हर आला की काढणे. खाली सही, चार वर्षांपूर्वीची तारीख.

सही माझी.

आठवलं सगळं. तेव्हा ड्रायव्हर तयार नव्हता, वरच्यांच्या चाचण्या धडाधड पडत होत्या, रिलीज तोंडावर. सगळेच करतात तसं केलं, नुसतं हो म्हणणारं एक बुजगावणं उभं केलं. चाचण्या हिरव्या झाल्या. आमच्या टीमचे लीड म्हणाले, वा! मग ड्रायव्हर आला, आणि ते काढायचं कुणालाच आठवलं नाही. मलाही नाही. विसरले कोण? मी! आणि विसरभोळे ठरले बाबा.

फोन खोटं बोलत नाही म्हणाले होते मी. फोन कुठे बोलत होता? मीच बोलत होते. चार वर्षांपूर्वीची मी, बाबांच्या तोंडावर, सतरा वेळा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लीडना जाऊन सांगितलं. ओरडतील वाटलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, "अशा ‘तात्पुरतं’ लिहिलेल्या जागा आणखी किती असतील?" दोघांनाही माहीत नव्हतं. रिलीज थांबवली. माझ्या चार ओळी मी माझ्या हाताने काढल्या. वर आणखी एक तपासणी घातली — मोटर खरंच फिरली का ते मोटरकडूनच विचारून घ्यायचं, मगच ‘झालं’ म्हणायचं. पाळण्याला हात लावून बघायचं.

दुपारी दोन्ही लॉग शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. वरच्या सतरा, खालच्या चौदा. परत मोजलं. चौदाच. तीन वेळा मोटर चांगली फिरली होती. तीन फेब्रुवारीची सकाळ त्यातलीच, चहाचे दोन कप होते ती.

असेल काहीतरी. फोन पलंगावर राहिला असेल. माणूस आहे, एखादवेळी होतं. मला मुळीच नाही होत का?

२२ फेब्रुवारी, रविवार

बाबांना सगळं सांगितलं. समोर बसून, सावकाश, ओठ नीट हलवत, की एकही शब्द सुटायला नको. माफी मागताना रडू फुटलं, मग ओठ काय डोंबल नीट हलणार! म्हणून कागदावर लिहून दिलं. माझी चूक होती. तुम्ही बरोबर होतात.

बाबांनी कागद दोनदा वाचला. मग माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचे तशी. "म्हणजे पट्टी सैल होती! मी काय सांगत होतो?" आणि असे हसले! उठून इलेक्ट्रिशियनकडे गेले आणि पेटी परत मागून आणली. तो बिचारा बघतच राहिला.

दादाला फोन केला. म्हटलं, हिरवा गोल चुकत होता तो फोनमुळे. मग म्हणाला, "सगळेच्या सगळे?"

"सगळेच्या सगळे," म्हटलं.

"बरं झालं गं. मला रात्रंदिवस तेच. मग राहू दे त्यांना तिथेच."

चौदा काय नि सतरा काय! मुद्दा तोच ना?

१ मार्च, रविवार

नवी पट्टी, नवा कोड. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन्ही हिरवे. चौदापैकी चौदा! बाबा फोन थरथरला की मुद्दाम छातीवर हात ठेवून "आली लिफ्ट!" म्हणतात. आज माझ्या कपाटाचं बिजागर बसवून दिलं. जेवताना बँकेच्या मॅनेजरची गोष्ट. एकदाच सांगितली. मी मनात मोजत होते, त्याची लाज वाटली.

डॉक्टरांना कळवायला हवं. दुसरी चाचणी घ्या म्हणायला हवं. पुढच्या आठवड्यात बघू.

११ मार्च, बुधवार

आठ वाजून शून्य मिनिटं. मोटर फिरली, तपासणीने खात्री दिली, मगच ‘झालं’. हिरवा गोल कुणी दाबला नाही.

मी धावत गेले. बाबा खिडकीत होते. समोर चहाचे दोन कप. दुसरा आईच्या जागेवर. फोन त्यांच्या मुठीत, गोल दाबेपर्यंत आता दर पाच मिनिटांनी देतो तो कंप देत होता, आणि ते त्याच्याकडे बघत होते. मला म्हणाले, "बघ गं, हा सारखा थरथरतोय. याचं काय करायचं असतं?"

त्यांचा अंगठा धरून गोलावर टेकवला. मग गॅलरीत जाऊन दादाला फोन लावला. म्हटलं, सगळेच्या सगळे नव्हते. चौदा होते. तीन राहतात, आजचं धरून चार. मला वीस तारखेपासून माहीत होतं.