दोनदा वाचलेलं नाव

निकोसिया,
सोमवार, १२ ऑक्टोबर २००९

प्रिय लुकिया,

लार्नाकाची हवा तुला मानवली असेल, गुडघे फार दुखत नसतील अशी आशा आहे. तुझी भाची आणि तिची मुलं मजेत असतील. मी बरा आहे. रक्तदाब आहे, पण गोळीने आटोक्यात राहतो. सहा वर्षांत नाताळची सहा पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. तक्रार करत नाही. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच.

आधी शहराच्या बातम्या सांगतो, कारण मला तिथूनच सुरुवात करता येते.

तटाच्या आतलं शहर तुला आता ओळखू यायचं नाही. तू होतीस तेव्हा संध्याकाळी सातनंतर ओनासागोरू रस्त्यावर मांजरांशिवाय कोणी नसायचं. आता चालायला वाट मिळत नाही. फानेरोमेनी चर्चच्या पायऱ्यांवर पोरंपोरी बाटल्या घेऊन बसतात. आपले पाद्री पापा-साव्वास सकाळच्या प्रार्थनेआधी स्वतः झाडू घेऊन काचा गोळा करतात, आणि ओठ हलतात ते प्रार्थनेसाठीच असं दाखवतात. एरमू रस्ता जिथे पिंपांच्या भिंतीपाशी संपतो, तिथे त्या पिंपांना टेकूनच टेबलं मांडली आहेत. वर पहारेकऱ्याची चौकी, खाली वाइन. पलीकडे, दोन सैन्यांमधल्या मृत पट्ट्यात, दुकानं चौऱ्याहत्तरपासून बंद आहेत तशीच आहेत, बरण्या फळ्यांवर आहेत म्हणतात. अलीकडे गिटार वाजते. लेद्रा रस्ता गेल्या वर्षी उघडला. लोक कागद दाखवून पलीकडे तुर्कांच्या बाजूला जातात, कॉफी पिऊन परत येतात. मी गेलो नाही.

दुकानाचा पुढचा भाग मी स्तालो नावाच्या मुलीला भाड्याने दिलाय. मी मागच्या खोलीत पँटी आखूड करतो, पुढे तिचा बार चालतो. माझ्या भावाचं, तुझ्या पाम्बोसचं मशीन तिने खिडकीत मांडलंय. त्याच्यावर लिंबांची टोपली असते. मुलगी चांगली आहे, फक्त तोंडाला कुलूप नाही.

परवा मी निघालो तर म्हणाली, "मास्तर, चेहऱ्यावर इस्त्री विसरलं का कोणी?"

"घरी चाललोय."

"साडेआठला? बाहेर अख्खी निकोसिया नाचतेय आणि तुम्ही झोपायला निघालात! बसा. एक झिवानिया माझ्याकडून."

"तुझ्याकडून म्हणजे अर्धं पाणी."

"शुद्ध दिली तर उद्या एक पाय लांब, एक आखूड शिवाल. मग गिऱ्हाइकं माझ्या नावाने ओरडतील."

मी बसलो नाही. ती सहज बोलली, तिला काय ठाऊक. पाम्बोसचा डावा पाय अर्ध्या बोटाने आखूड होता हे तटाच्या आत आता दोघांतिघांनाच माहीत असेल. गिऱ्हाइकांना ती सांगते की या मशीनचा मालक लढाईवर गेला तो आला नाही, आणि त्याचं मशीन अधूनमधून आपोआप चालतं. परदेशी मुली अंगावर काटा आला म्हणत फोटो काढतात. मी तिला थांबवायला हवं. मशीन कधी चाललेलं नाही, लुकिया. त्याचा पट्टा ऐंशी सालीच तुटला.

पण पाऊल चालतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. दुकानातून घरी जाताना गर्दीची गल्ली संपली की कासियानोस चर्चच्या बाजूला एकदम सामसूम होते. तिथल्या दगडांवर माझ्या मागे कोणीतरी चालतं. एक पाऊल पूर्ण, एक जरा घाईचं. तुला ती चाल आठवत असेल. रिगेनिस रस्त्यावरच्या कॅबरेतल्या नाचणारणींचे झगे पोचवून यायचा तेव्हा आई जिन्यावर ती चाल ऐकूनच ओरडायची, "आला बघा, बायकांच्या घोळक्यातून!" आणि तो खालून ओरडायचा, "आई, झगे पोचवले, बायका परत केल्या!" मी वळून बघत नाही. वळलो आणि कोणी नसलं तर वाईट, असलं तर त्याहून.

आता बातमी सांगतो.

तो सापडला. मिया मिलियाच्या पुढे, एका कोरड्या ओढ्याच्या काठी. आणखी तिघे होते बरोबर. ओळख पटवण्यासाठी मी रक्त दिलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, तुला न सांगता. सप्टेंबरात फोन आला. प्रयोगशाळेत एका लांब टेबलावर त्याला ओळीने मांडलं होतं. तिथली मुलगी हळू आवाजात बोलत होती, खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. म्हणाली, "घाई नाही, तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या. काही विचारायचंय?" चाळीस वर्षं मापं घेतोय, नजर जाते तिथेच जाते. डाव्या मांडीचं हाड अर्ध्या बोटाने कमी. त्याच्या प्रत्येक पँटीला मी डावीकडे जास्त दुमड घालायचो, कोणाला दिसू नये म्हणून. टेबलावर दुमड नव्हती. तो तसाच होता.

तुला वाटेल, ही बातमी फोनवर कळवता आली असती. आली असती. पण बातमी एवढीच नाही.

सहा वर्षांपूर्वी, आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला काय झालं ते आपण दोघं विसरलेलो नाही. तू उकडलेल्या गव्हांची परात आणली होतीस, वर बदामांनी आईचं नाव काढलेलं. नावांची चिठ्ठी मी लिहून पापा-साव्वासांना दिली. दरवर्षी ती आई लिहायची. वर क्रूस काढून दोन रकाने, जिवंतांचा आणि मृतांचा. जिवंतांच्या रकान्यात पहिलं नाव कायम खारालाम्बोस, म्हणजे आपला पाम्बोस. मृतांमध्येही एक खारालाम्बोस असायचा, आईचे वडील, ज्यांचं नाव त्याला ठेवलं. त्या दिवशी पापा मृतांची नावं वाचत होते आणि ते नाव दोनदा वाचलं गेलं. लागोपाठ. तू परात तिथेच ठेवलीस आणि चर्चच्या बाहेर पडलीस. मी मागे आलो. अंगणात तू विचारलंस, "दोनदा का?"

मी म्हणालो, "पापांचं वय झालं, ओळ परत वाचली असेल."

तू आत जाऊन चिठ्ठी मागून आणलीस. माझं अक्षर. मग मी म्हणालो, "हात चुकला. आईच्या दुःखात रकाना चुकला."

तू म्हणालीस, "कापड कापताना तुझा हात कधी चुकला नाही, क्लीतोस." एवढंच. आणि लार्नाकाची बस धरलीस.

हात चुकला नव्हता. आई गेली, आता तरी त्याला त्याच्या जागी लिहावं असं वाटलं होतं. तुला सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून पापांच्या तोंडून सांगितलं. भ्याड माणसाची रीत.

कारण मला माहीत होतं. चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरापासून.

पाम्बोसच्या तुकडीतला लोइझोस तुर्कस्तानातल्या अदानाच्या कैदेतून सुटून आला, तो घरी जाण्याआधी दुकानात आला. डोकं भादरलेलं, अंगावर कोणाचा तरी सदरा. कापायच्या टेबलावर बसला आणि सांगितलं, "पाम्बोस माझ्या समोर गेला, चौदा ऑगस्टला दुपारी, मी माझं जाकीट त्याच्यावर घातलं आणि मग आम्हाला पकडलं." "तुझ्या आईला मी सांगू?" म्हणाला. मी म्हणालो, "नको, मी सांगतो." पुढच्या वर्षी तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिकडेच वारला.

मी खरंच सांगणार होतो. त्याच संध्याकाळी. पण तू आणि आई त्याचा फोटो गळ्यात अडकवून, कैदी सुटून येतात त्या नाक्यावरून परत आलात त्या हसतच. कोणीतरी तुम्हाला सांगितलं होतं की अदानाच्या ट्रकमध्ये एक लंगडणारा पोरगा दिसला. तू कांदा चिरत होतीस आणि डोळे पुसत म्हणालीस, "अख्ख्या सैन्यात लंगडणारा एकच, आणि तोच माझ्या वाट्याला यायचा होता!" आई ताटं मांडत होती. तीन मांडली, मग चौथं आणलं. सांग, कसं बोलणार होतो? म्हटलं, उद्या. मग म्हटलं, नाताळ होऊ दे. वर्ष गेलं की गप्प राहणंच सोपं वाटायला लागतं.

इथवर तू मला कदाचित माफ करशील. पुढचं वाच.

पाम्बोसशी तुझं लग्न ठरलेलं असतानाही अठ्ठ्याहत्तर साली तुझ्या वडिलांनी लिमासोलच्या त्या जकात कारकुनाचं स्थळ आणलं. माणूस चांगला होता. तू दुकानात आलीस, दार लोटून घेतलंस आणि म्हणालीस, "बाबा उत्तर मागतायत. तू त्याचा भाऊ आहेस. तुझं मन काय सांगतं, तो आहे का?"

मी म्हणालो, "आहे."

तू मान हलवलीस आणि वडिलांना नाही म्हणून कळवलंस. सव्वीस वर्षांची होतीस. आईसाठी बोललो, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. आई तेव्हा दुकानात नव्हती. दुकानात तू होतीस आणि मी होतो.

तू लग्न करून गेली असतीस तर रविवारी आमच्या टेबलावर कोण आलं असतं? तू यायचीस, त्याच्या खुर्चीशेजारी बसायचीस, आईशी भांडून भाजीत मीठ घालायचीस, आणि मला म्हणायचीस, "लग्न कर रे, शिंप्या, नाहीतर मशीनशीच लागेल." मला काय हवं होतं ते तुझ्या लक्षात आलं होतं की नाही, ठाऊक नाही. मी कधी बोललो नाही. बोलायला तो मेलेला असायला हवा होता, आणि त्याला जिवंत मीच ठेवलं होतं.

गेल्या आठवड्यात अंत्यविधीचं ठरवायला कासियानोसला गेलो. फानेरोमेनीत जायची हिंमत झाली नाही. तिथल्या म्हाताऱ्या पापांनी नाव विचारलं. मी म्हणालो, खारालाम्बोस.

"मारिक्कूचा मुलगा तू? शिंपी?"

"हो, पापा."

"त्याला मी ओळखतो. तुझी आई होती तोवर, अठ्ठावीस वर्षं त्याचं नाव वाचलंय."

मला कळेना. ते म्हणाले, मृतांसाठी प्रार्थना होते त्या दर आत्म्यांच्या शनिवारी तुझी आई पहाटे इथे यायची, एक चिठ्ठी द्यायची आणि फानेरोमेनीच्या प्रार्थनेच्या आत परत जायची. त्या चिठ्ठीत मृतांच्या रकान्यात खारालाम्बोस दोनदा. पापांनी पहिल्या वर्षी विचारलं, दोनदा का? तर म्हणाली, "दोघे आहेत, पापा. एक म्हातारा, एक तरणा."

"तिला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"शिंपी कपडा हातात घेऊन बसतो आणि सुई चालत नाही, म्हणाली. आईला आणखी काय सांगावं लागतं? मी म्हटलं, मुलाशी बोल. म्हणाली, विचारलं तर त्याला खोटं बोलावं लागेल, तो तसा चांगला आहे."

म्हणजे आई फानेरोमेनीत त्याला जिवंत लिहायची ते माझ्यासाठी आणि तुझ्यासाठी. मी गप्प होतो तिच्यासाठी, असं म्हणत. एकाच टेबलावर आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत होतो, आणि त्याची किंमत तिसऱ्या माणसाने भरली, ज्याला काहीच माहीत नव्हतं. आईवर रागावू नकोस असं लिहिणार होतो. ते सांगायचा मला हक्क नाही. रागाव.

कागदांवर मी सही केली आहे. तुझ्या उत्तरासाठी थांबलो नाही, कारण तुला थांबवून ठेवण्याचं काम मी पुरेसं केलंय. रविवारी २५ तारखेला, सकाळी साडेदहाला, कासियानोसला. हाडांची पेटी लहान असते, तान्ह्या मुलाच्या पेटीएवढी. ती बघून दचकू नकोस. पहिल्या रांगेतली उजवीकडची जागा बायकोची असते. ती मी तुझ्यासाठी रिकामी ठेवायला सांगितली आहे. तू आलीस आणि मी मागे बसावं असं वाटलं तर मागे बसेन. मी नसावं असं वाटलं तर पापांना सांग, मी रस्त्यावर उभा राहीन.

पाऊल अजून चालतं. हाडं मिळाली की थांबेल असं वाटलं होतं. काल कासियानोसच्या भिंतीपाशी मी पहिल्यांदा थांबलो, तर तेही थांबलं. तेव्हा मला कळलं की अजून एक गोष्ट माझ्याकडे आहे, आणि ती घेतल्याशिवाय ते जाणार नाही.

लोइझोसने त्या दिवशी आणखी एक सांगितलं होतं. पाम्बोस लगेच गेला नाही. अर्धा तास होता, शुद्धीवर होता. लोइझोसचा हात धरून म्हणाला, "लुकियाला सांग, वाट बघत बसू नको. सांग, पाम्बोसने सोडलं. तिने चांगला माणूस बघावा, दोन्ही पाय सारखे असलेला." आणि हसला म्हणे.

हा निरोप तुझा होता. पस्तीस वर्षं तो माझ्याकडे राहिला. आज पोचता करतो.

तुझ्या माफीची अपेक्षा न ठेवता,
ज्याला तू विचारलंस आणि जो "आहे" म्हणाला, तो
क्लीतोस