ताडीचं मडकं आणि तुझी टक्केवारी

डहाणू,
फेब्रुवारी १९९४

प्रिय श्रुतिका,

तुझा लेख वाचला. फोटोत छान दिसतेस. केस कापल्याचं मात्र कळवलं नाहीस. कॉलेजात संख्याशास्त्रात गुण माझे जास्त, आणि दिल्लीत बसून देशाचे गुन्हे मोजतेस तू. मी रोज एसटीने तळासरीच्या आश्रमशाळेत जाऊन लसावि-मसावि शिकवते. हेवा वाटतो गं, अगदी जळफळाट होतो. त्यात नवरोबा देवेश येईल त्या पाहुण्याला तुझा लेख मोठ्याने वाचून दाखवतो, ‘याला म्हणतात हुशारी’ म्हणत माझ्याकडे बघतो. त्याच्या रेल्वेतल्या साहेबांनाही ऐकवला. मी आत चहा गाळत होते.

म्हणून मुद्दाम चूक काढायला बसले आणि सापडलीच. वर्षभरात बायकांना मारहाणीचे गुन्हे वाढले, म्हणजे समाज जास्त हिंसक झाला, असं तू लिहिलंस. बाई गं, वाढलं काय ते पाहिलंस का? आमच्या शाळेत स्वयंपाकाला झरी गावची जानी आहे. तिच्या पाड्यावर नवऱ्याने बायकोला मारलं की पंच बसत. नवरा दंड म्हणून ताडीचं मडकं आणी, सगळे पीत, की मिटलं. तुझ्या तक्त्यात तिथे शून्य. गेल्या वर्षी मात्र जानीने पंचांना सांगितलं, ‘ताडी नको, आता कागुद करा,’ आणि थेट पोलीस चौकी गाठली. तिच्यामागून आणखी बायका गेल्या. मार पूर्वीचाच, फक्त तो आता लिहिला गेला.

आपल्यासारख्या नोकरदार घरांत तरी वेगळं काय आहे? ताडीच्या जागी चहा. सासरे, मामेसासरे बसतात, नवरा मान खाली घालतो, पोह्यांच्या बशा फिरतात आणि मिटतं. बशा विसळायला मार खाल्लेलीच.

तुझा लेख आल्यापासून चौकीवर वेगळीच तऱ्हा सुरू झाली आहे. आकडा वाढला म्हणून वरून ओरडा आला, तर आता आलेल्या बाईची समजूत घालून परत पाठवतात. पुढच्या वर्षी आकडा उतरेल आणि तू ‘परिस्थिती सुधारली’ म्हणून लिहिशील. देवेश तेही वाचून दाखवील.

ही ऐकीव माहिती नाही. काल मी स्वतः गेले होते, देवेशविरुद्ध. लग्नापासून चाललंय हे. तुला कधी सांगितलं नाही, तुझ्यापुढे कमी दिसायचं नव्हतं. हवालदार म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही चांगल्या घरच्या. उगाच आमचा आकडा कशाला वाढवता?’ लिहून घेतलं नाही. उद्या जानीला बरोबर घेऊन पुन्हा जाणार आहे. माझं कुणी ऐकत नाही, तुझं सगळे ऐकतात. हेवा आहे तो ह्याचाच. त्याच पेपरात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत पुन्हा लिही, की आकडा वाढला तर वाढू द्या. त्या वाढीत माझीही मोजणी व्हायला हवी.

तुझीच,
नीलम