दादाच्या गळ्यातली तुझी चाल

प्रिय प्रोफेसरीणबाई,

तुझ्या चार पानांतलं मला निम्मंच कळलं. मेंदूच्या झटक्याने तुझ्या दादाचे शब्द गेले, तरी गाणी उरली असतील, एवढं समजलं. बाकीचं राहू दे. व्यायामाचे कागदही मिळाले. जीभ डावीकडे, जीभ उजवीकडे. दोन दिवस केलं त्याने, तिसऱ्या दिवशी मलाच जीभ काढून दाखवली. तेवढंच हसलो आम्ही.

बोलणं अजून नाहीच. मला हाक मारायला जातो आणि 'खिडकी' म्हणतो, मग स्वतःवरच चिडतो. आता त्याने 'खिडकी' म्हटलं की मी 'ओ' देते. करणार काय?

गेल्या आठवड्यात त्याला ओढतच, तुम्ही दोघं गायचात त्या समूहगानाच्या तालमीला नेलं. तोच शाळेचा हॉल, त्याच डुगडुगत्या खुर्च्या. मास्तरांनी त्याला मागे, खालच्या आवाजाच्या पुरुषांत बसवलं. गाणं सुरू झालं आणि बाई गं, हा गायला लागला. शब्दांसकट. पण मास्तर थांबले, चुकतंय म्हणाले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. शेजारचा सुतार कोपराने ढोसत होता, हा ऐकेना. बायकांची चाल गात होता, खाली उतरवून. तुझी चाल. दिवसभर संशोधनात डोकं घालून यायचीस आणि आमच्या ओट्यापाशी भांडी पुसत घोकायचीस, तो आपली सोडून तुझ्याबरोबर म्हणायचा, तीच. त्याची स्वतःची पार गेली. मास्तरांनी मग चूक म्हणायचं सोडून दिलं.

सुट्टीत रेकॉर्डिंगचं मशीन आणि दोन विद्यार्थी घेऊन येते, म्हणतेस. दादाचं गाणं अभ्यासाला उपयोगी पडेल, म्हणतेस. पडू दे, मी अडवणार नाही. पण तो आजारी पडल्यापासून तू एकदाही फिरकली नाहीस. कामाचं मला सांगू नकोस. तुला भीती वाटते, तुला बघून त्याला तुझं नाव आलं नाही तर. नाहीच येणार. मी खिडकी, तू बादली होशील. त्याने काही मरणार नाहीस तू.

हे पत्र एवढ्यासाठीच. गुरुवारी तालीम आहे. आधी तू एकटी ये, मशीनबिशीन मागाहून. दुसऱ्या कडव्यात वर जाताना तू कायम घसरायचीस ना, तिथे आला की तो थांबतो आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहतो. सगळे पुढे जातात, हा तिथेच. परवा मीच जाऊन बसले त्या खुर्चीत. मी चालत नाही त्याला.

तुझीच, वैतागलेली
वहिनी