मासिनाला वळण

७ जानेवारी, रविवार

मांडी घालून बसणे या विषयाचा आमच्या पूर्वजांनी पुरेसा विचार केलेला नाही. पापुआत नऊ वर्षं खुर्चीवर बसून धर्मोपदेश केला, त्याचं प्रायश्चित्त आज आमच्या बेटावर, सवाईत, घडलं. रजेवर आलेला मिशनरी, म्हणून मानाची पुढची चटई — आणि तिथून पाय पसरले तर तळवे साऱ्या गावाला दिसतात. स्वागताची भाषणं अनंत. डावा पाय तिसऱ्या भाषणात निवर्तला. आभार मानायला उठलो तो थेट गावप्रमुखांच्या मांडीवर आसनस्थ झालो.

आई म्हणाली, "पाय तिकडेच विसरून आलास का रे?"

९ जानेवारी

आई नातवंडांना न्याहाळते आहे. चुलीत घालायला अळकुड्या निवडाव्यात, तशी.

दूर जाणाऱ्या लेकाचं एक मूल आजीनं मागून घ्यायचं, ही आमची रीत. मीही आजीकडेच वाढलो. आणि आईनं मागितल्यावर नाही म्हणणारा मुलगा या बेटावर अजून जन्मायचा आहे. तेव्हा तिनं मागूच नये, एवढाच उपाय.

बायकोचा, फुआतिनोचा, अंदाज — आपेलू जाणार. अकरा वर्षांचा, नारळावर चढतो, सांगितलेलं ऐकतो. लोते अजून अंगावर पिते, ती सुरक्षित. आणि आठ वर्षांच्या मासिनाला कोण मागेल? वडीलधाऱ्यांसमोरून वाकून जायचं, तर ही ताठ चालत जाते. काल संध्याकाळच्या प्रार्थनेत आजीलाच विचारलं, संपलं का?

१० जानेवारी

आपेलूचं निंदापुराण आरंभलं. मी म्हणालो, फार खातो. आई म्हणाली, तूही खायचास. फुआतिनोनं सांगितलं, झोपेत लाथा मारतो. आईच्या मते तोही वारसाच. 

आपेलूनं सगळं ऐकलं. रुसला. डब्यातलं मांस खाऊ घालून समजूत काढावी लागली. म्हणजे फार खातो हे सिद्धच झालं.

१४ जानेवारी, रविवार

चर्चनंतरचं जेवण. नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं, नीरफणस, डुक्कर. सगळे सुस्त. ती वेळ साधून आईनं मागितलं — मासिनाला!

"हिला वळण लावणं तुम्हा दोघांच्यानं व्हायचं नाही. माझ्याकडे ठेवा."

फुआतिनोनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरीला मीच बिघडवलं. (बिघडवलं आहे.) बोट सुटेपर्यंत विचार करू, असं म्हणून मी पान चाटत बसलो.

१७ जानेवारी

नवी युक्ती. वळण नाही हीच तक्रार ना? मग वळण दाखवू. मासिनाला विश्वासात घेतलं. तिला हा खेळ फारच आवडला. आता ती सगळ्यांसमोरून वाकून जाते — कोंबडीसमोरूनसुद्धा.

आईला म्हणालो, पाहा, सुधारली. आई प्रसन्न. तिचं म्हणणं, नुसत्या मागण्यानं एवढा गुण आला, तर ठेवून घेतल्यावर किती येईल!

शास्त्रार्थात मी आईला कधीच हरवलेलं नाही.

२० जानेवारी

मासिनाला हिवताप. तिकडचा, नेहमीचाच; या बेटावर हा ताप कुणाला होत नाही. फुआतिनोनं होतं नव्हतं ते पांघरूण घातलं, मी कोयनेल पाजलं, आपेलूनं न सांगता पाणी आणून ठेवलं. आमचा हात बसला आहे या कामावर.

आई खांबाला टेकून बघत होती. तिकडे असं किती वेळा होतं, तिनं विचारलं. मी म्हणालो, होतंच, पोरांना सवय आहे. मग पोरीचे दात वाजत होते ते ती नुसती ऐकत राहिली.

"वळण गेलं चुलीत," ती म्हणाली. "मला ही जिवंत हवी आहे."

मी फुआतिनोकडे पाहिलं. तिनं मासिनाचा हात सोडला नाही, पण मान हलवली — हो म्हणून.

२३ जानेवारी

उद्या बोट. मासिना राहणार. तिची मला काळजी नाही. बरोबर नेतो आहे त्या दोघांची आहे.