लिव्हरपूलसाठी पेटी

बुधवार, १४ सप्टेंबर १९८३
आजपासून रोजनिशी. हे वर्ष ऐतिहासिक आहे आणि आमच्या घरात इतिहास कळणारा मी एकटाच.

युरोपियन कपची फायनल या मोसमात रोममध्ये, म्हणजे रोमाच्या स्वतःच्या मैदानावर आहे. इटलीचा चॅम्पियन कोण? रोमा. स्वतःच्या अंगणात कोण हरतं? मग बाकीच्या क्लबांनी उगाच तिकिटं काढून इकडे तिकडे फिरायचं कशाला, हे मला कळत नाही. पहिला सामना आज झाला. स्वीडनच्या पोरांना तीन-शून्य.

मी झब्बारचा सुतार. माल्टात जन्मलो ही देवाची मर्जी, पण मनाने रोमन आहे. १९५० च्या पवित्र वर्षात आमच्या चर्चच्या यात्रेबरोबर रोमला आठवडाभर होतो. तिथल्या न्हाव्याने दाढी करता करता माझ्या नाकाचं कौतुक केलं होतं. असं नाक इंग्लंडमध्ये होत नाही.

संकल्प: टीव्हीसमोर ओरडायचं नाही. मेहुण्याशी फुटबॉलवर बोलायचं नाही. मारिसचं इंग्लंडचं खूळ शांतपणे उतरवायचं.

बुधवार, २८ सप्टेंबर
स्वीडनमध्ये एक-दोन हरलो. दोन्ही सामन्यांचे गोल मिळून बघायचे असतात, म्हणून पुढच्या फेरीत आम्हीच. हे हरणं नाही, याला नियोजन म्हणतात.

मेहुणा वेन्झू आला होता. विटोरचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. गोदीत फिटर. इंग्रजांची जहाजं दुरुस्त करता करता डोक्याचाही एक स्क्रू तिकडेच राहिला. तेव्हापासून लिव्हरपूलचा भक्त. चहात दूध घालतो, यावरून काय ते समजावं. त्याच्याशी फुटबॉलवर दीड तास बोललो. पण सुरुवात त्याने केली.

मारिस एकोणीस वर्षांची आहे. तिला नर्सिंग शिकायला लिव्हरपूललाच जायचंय. जगात इतकी गावं, त्यात नेमकं तेच. मामानेच डोक्यात भरवलं असणार. मी जेवताना स्पष्ट सांगितलं, की तिकडे ऊन नसतं, पाव मऊ असतो आणि ससा कुणाला शिजवता येत नाही. ती हसली. म्हणाली, "बरं पा, रोमाने कप जिंकला तर मी कुठ्ठे जात नाही. झालं?"

झालं. विटोर साक्षीला होती. तिने मान खाली घालून बटाटे सोलले, म्हणजे मान्य केलं.

मुलगी हाताशी राहणार, कपही येणार.

शनिवार, ८ ऑक्टोबर
मारिसने व्हॅलेटाहून जाड लोकरीचा कोट आणला. गुडघ्याच्या खाली जातो. असा कोट घालून झब्बारमध्ये माणूस उकडून मरेल. पण ती म्हणाली सेलमध्ये होता. पोरगी काटकसरी आहे, माझ्यावर गेली.

बुधवार, २ नोव्हेंबर
आज मृतात्म्यांचा दिवस. सकाळी दफनभूमीत बापाच्या कबरीवर फुलं ठेवली, संध्याकाळी बल्गेरियाच्या टीमला पुरलं. तिकडेही एक-शून्य, इकडेही एक-शून्य.

लिव्हरपूलनेही स्पॅनिश टीमला कसंबसं काढलं म्हणे. वेन्झू गच्चीवरून ओरडून सांगत होता. मी अँटेना सारखी करायला वर गेलो होतो. आमच्या अँटेनाचं तोंड सिसिलीकडे, त्याचं कुठे असतं देव जाणे. त्याला म्हटलं, इथवर आलात, आनंद आहे, आता फार चढू नका. तो म्हणाला, "दाजी, फायनलला भेटू." म्हटलं, तू आणि फायनल? तिकीट फाडायला का?

गावात आता मार्चपर्यंत शांतता. हिवाळ्यात युरोपियन कप झोपतो. तेवढ्यात मारिसचं खूळ आपोआप उतरेल. उपाय न करणं हाच उपाय.

मंगळवार, १७ जानेवारी १९८४
विटोर लोकरीचे मोजे विणतेय. ढीग झालाय. विचारलं तर म्हणाली, चर्चच्या बाजारासाठी. धर्माचं काम आहे, मी अडवत नाही. मात्र सगळे मारिसच्याच मापाचे. चर्चने असं एकच माप का मागावं?

बुधवार, ७ मार्च
राखेचा बुधवार. कपाळावर राख लावून टीव्हीसमोर बसलो. पूर्व बर्लिनच्या टीमला तीन-शून्य. उपवासाच्या चाळीस दिवसांसाठी संकल्प: दारू बंद आणि मेहुण्याबद्दल वाईट विचार बंद.

गुरुवार, ८ मार्च
वेन्झू स्वतःहून समोर आला. त्याला काही इलाज नाही. दारूचा संकल्प मात्र कायम आहे.

बुधवार, २१ मार्च
बर्लिनमध्ये एक-दोन. परत नियोजन. आम्ही सेमीफायनलमध्ये. दारूच्या संकल्पाला आज अपवाद. संत योसेफचा सण होऊन दोनच दिवस झालेत आणि तो सुतारांचा संत. त्याचा मान राखला पाहिजे.

बुधवार, ११ एप्रिल
स्कॉटलंडमध्ये शून्य-दोन.
नियोजन जरा जास्त झालं.

बारमध्ये युव्हेंटसवाले टाळ्या वाजवत होते. क्लब इटलीचाच असून. असल्या लोकांमुळे रोमन साम्राज्य बुडालं. घरी आल्यावर मारिसने माझ्यासाठी अंडं तळलं, बशीच्या कडेला ब्रेड ठेवला. मी तिला म्हटलं, बघितलंस ना तिकडचं हवामान? आमच्या पोरांचे पाय गारठले. माणसाने त्या बाजूला जाऊच नये. ती म्हणाली, खाऊन घे, पा.

रविवार, २२ एप्रिल
ईस्टर. विटोरने बदामाच्या सारणाची मोठी बिस्किटं केली, नेहमीसारखी. दरवर्षी मारिसला मासा किंवा बाहुली असते. या वर्षी जहाज केलं. वर साखरेची निळी खिडकी. मी म्हटलं जहाज का? विटोर म्हणाली, साचा तोच सापडला. बिस्किट कापायला सुरी दोघींपैकी कुणी उचलेना. बायकांना गोडाचं फार वाटतं.

बुधवार, २५ एप्रिल
तीन-शून्य. तीन. शून्य. भर दुपारी, कडक उन्हात. स्कॉटलंडची पोरं लोणी वितळावं तशी वितळली. रोमा फायनलमध्ये.

टीव्हीसमोर ओरडलो नाही. शेजारीण विचारायला आली की कोण पडलं, ते वेगळं.

आणि समोर कोण? लिव्हरपूल. रुमानियाच्या टीमला हरवून हेही पोचले. मला वाईट वाटलं. इतक्या लांबून यायचं, आणि कशासाठी?

वेन्झू रात्रीच्या जेवणाला आला, न बोलावता. ठरलं असं: आपल्या गावच्या रीतीप्रमाणे जो संघ हरेल त्याची अंत्ययात्रा. पेटी, बँड, मेणबत्त्या, सगळं. आणि हरणाऱ्याने विधवा होऊन पेटीच्या मागे चालायचं. सासूबाईंचा जुना काळा बुरखावजा झगा माळ्यावर आहे, तो घालून. मी लगेच हात मिळवला. वेन्झू उंच आहे, झगा त्याला आखूड पडेल. विटोरला म्हटलं, खालची शिवण उसवून ठेव.

शनिवार, १२ मे
लिव्हरपूलची शवपेटी तयार झाली. गावात आजवर खोक्यांना काळा कागद चिकटवून पेट्या केल्या, मला ते बघवत नाही. मी सुतार आहे. चांगलं पाइन घेतलं, कोपऱ्यांना खाचा पाडून सांधे बसवले, एकही खिळा दिसत नाही. झाकणावर लाल ऑइलपेंटने LIVERPOOL. अक्षरांना रंगाचे दोन हात दिले. पुसली जाणार नाहीत.

मारिस वर्कशॉपमध्ये आली. बराच वेळ सांध्यांवरून बोट फिरवत होती. म्हणाली, पा, तुझ्यासारखं काम कुणी करत नाही. म्हटलं, तिकडे तर मुळीच नाही.

तिने विचारलं, रोमा हरली तर? मी विचारलं, सूर्य उगवला नाही तर?

बुधवार, ३० मे, दुपारी
आज. तयारी पूर्ण. अँटेना बांधली. फटाके आणले. बँडच्या तुतारीवाल्याला सांगून ठेवलं की दहाच्या आत माझ्या दारात पाहिजे. मारिसला रोमाचा लाल-पिवळा मफलर दिला, तिने निमूट घातला. खूळ उतरलं. उपाय न करण्याचा उपाय लागू पडला.

गुरुवार, ३१ मे
सविस्तर लिहिणार नाही. थोडक्यात.

एक-एक. जादा वेळेतही एक-एक. पेनल्टी.

त्यांच्या पहिल्याच पोराने चेंडू आकाशात मारला. मी उठून उभा राहिलो. वेन्झू जमिनीवर बसला. आमचा पहिला गोल झाला. मग त्यांच्या गोलकीपरने गोलमध्ये उभं राहून पाय शेवयांसारखे हलवायला सुरुवात केली. भर फायनलमध्ये. लाखभर माणसं आणि पोपच्या गावात. याला खेळ म्हणतात? आमच्या पोरांना हसू आलं असणार, म्हणूनच एकाने वरून मारला आणि मग दुसऱ्यानेही. बाकी त्यांचे सगळे आत गेले. नशीब.

मारिसने माझा हात धरून ठेवला होता. घाबरली होती बिचारी, हात सोडेना. नंतर लक्षात आलं की तो मीच धरलाय.

तुतारीवाला दहाच्या आत दारात होता. मी त्याला बोलावलं होतं.

मग एक पेच पडला. माझ्या पेटीवर लिव्हरपूल लिहिलेलं. त्यात रोमाला कसं घालणार? दोन हात रंग, खरवडून निघेना. वेन्झू म्हणाला, दाजी, इतकं चांगलं काम कशाला केलंत? शेवटी भाजीवाल्याचं टोमॅटोचं खोकं आणलं. रोम, चॅम्पियन, युरोपची राजधानी, आणि टोमॅटोच्या खोक्यात.

मी शब्दाचा माणूस. झगा घातला. उसवलेली शिवण पायात येत होती. झग्याची टोपी चेहऱ्यावर ओढून खोक्याच्या मागे चाललो, चर्चपासून बारपर्यंत आणि परत. सर्दी झाली होती, नाकडोळे वाहत होते, आवाजही निघत होता. लोक टाळ्या वाजवायला लागले. म्हणाले, अशी विधवा झब्बारने पाहिली नाही. युव्हेंटसवाल्यांनी तर परत एकदा रडून दाखवायला सांगितलं.

वेन्झू टाळ्या वाजवत नव्हता. मध्येच माझ्या बाजूला येऊन झग्याची बाही धरून चालायला लागला. रीतीत असं काही नाही.

शुक्रवार, १ जून
सकाळी मारिस कॉफी घेऊन वर्कशॉपमध्ये आली. मी म्हटलं, ठरलं म्हणजे ठरलं, तू जाऊ शकतेस, मी शब्द मोडत नाही. मी परवानगी देतोय हे तिला नीट कळावं म्हणून दोनदा म्हटलं.

ती रंधा हातात घेऊन बसली. म्हणाली, "पा, रोमा जिंकली असती तरी मी गेले असते. माझी जागा फेब्रुवारीतच पक्की झाली. पण परवा मी रोमाच्याच बाजूने होते. म्हटलं, जाताना तुझ्याकडे काहीतरी असू दे."

मी म्हणालो, मला माहीत होतं.

मला माहीत नव्हतं. हे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

मंगळवार, १० जुलै
बाजारातल्या ट्रंका बघितल्या. पत्रा आणि पुठ्ठा. असल्या ट्रंकेत मी माझ्या मुलीचे मोजे पाठवणार नाही. वर्कशॉपमध्ये चांगलं पाइन पडलंय. पेटी सोडवून चौकोनी करतो. संकल्प: झाकणावरची अक्षरं रंध्याने काढून टाकायची. त्या गावाचं नाव माझ्या लाकडावर नको.

शनिवार, २१ जुलै
अक्षरं निघत नाहीत. रंग लाकडात मुरलाय. फळी उलटी लावता आली असती, पण मग चांगली बाजू आत गेली असती.

मारिस म्हणाली, राहू दे. पेटीत कोट बसला, मोजे सगळे बसले, ईस्टरच्या साच्यात पुन्हा केलेलं बिस्किटाचं जहाज विटोरने का घातलं कळलं नाही. मी रोमाचा मफलर तळाशी ठेवला. तिकडे थंडी असते, एवढंच.

सोमवार, ३० जुलै
पेटी पुढे जहाजाने गेली. मारिस विमानाने जाईल. बंदरात आलेला हमाल खांद्यावर घेता घेता म्हणाला, "उस्ताद, पत्ता सांगा, लेबल चिकटवतो." मग त्याने झाकण बघितलं आणि लेबल परत खिशात घातलं.

विटोर म्हणाली, अक्षरं सुबक आलीत हो. वेन्झूने टोपी काढली होती. पेटी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिघे उभे होतो; अंत्ययात्रेला याच्या दसपट माणसं होती.

शनिवार, २२ सप्टेंबर
नवा मोसम सुरू झाला. रोमाबद्दल मला खात्री आहे.

रेडिओ इंग्रजी स्टेशनवर लावून ठेवलाय, फक्त हवामानासाठी. तिकडे पाऊस आहे. शनिवारी हवामानाच्या आधी फुटबॉलचे निकाल सांगतात, ते ऐकावेच लागतात. वेन्झूला म्हटलं, तुझा रेडिओ खरखरतो, इकडेच येत जा.

चहात दूध घालून बघितलं. वाईट लागतं. उद्या परत बघेन.