माझ्या घराचे उत्तर

प्रिय ठकू,

न मागता देणाऱ्या परमेश्वराच्या कृपेची सावली तुझ्यावर अखंड असो.

जगात मेंदूच्या शस्त्रक्रियेची गरज किती जणांना आहे, याचा अंदाज बांधण्याचे तुझे कार्य मार्गी लागल्याचे वाचून धन्यता वाटली. पाहणीची प्रश्नावली भाषा तपासण्यास तू मला धाडलीस, तेव्हा मी एकच भर घातली होती. रुग्णालयात पोहोचलेल्यांना सारेच मोजतात. ‘जायला हवे होते, पण गेले नाही, असे घरात कोणी आहे का?’ हेही विचारावे. ‘बाबा, मास्तर ते मास्तरच!’ म्हणत तू फोनवर हसलीस, पण प्रश्न घेतलास.

मंगळवारी तो प्रश्न माझ्याच दारी आला. पाहणीची ताई मोठी बोलघेवडी. घरात माणसे किती, तिने विचारले. एक, म्हणालो. ‘मग आजोबा, भांडता कोणाशी?’ म्हणून ती हसली. तुझी आई गेल्यापासून या स्वयंपाकघरात कोणी हसले नव्हते. मी तिला उगाच दोनदा चहा पाजला. डावीकडचा कप मला दिसला नाही. तो तिच्या कागदांवर लवंडला. ‘अहो, लक्ष कुठंय?’ म्हणत तिने ते पुसले आणि माझा प्रश्न मलाच वाचून दाखवला. ‘कोणी नाही,’ मी म्हणालो. जन्मभर सत्याचे निरूपण केलेली ही जीभ.

तीन महिन्यांपासून डोके ठणकते आणि डावीकडचे दिसेनासे झाले आहे. ग्रंथ वाचताना ते उमगलेच नाही. ओळी मुखोद्गत, तेव्हा डोळ्यांची उणीव स्मृती भरून काढी. तुझा अहवाल आला, तो मात्र पाठ नव्हता. प्रत्येक ओळीचा आरंभ गळालेला! जिथली माहिती नाही तिथे शेजारच्या देशांवरून आकडा भरतो, असे त्यात तू लिहिले आहेस. मीही तसेच दिवस भरत होतो. आपल्या डॉक्टरांनी मेंदूच्या सर्जनांच्या नावे चिठ्ठी दिली, त्यासही महिना लोटला; मी गेलोच नाही.

तू काम टाकून धावत येशील म्हणून लपवले, असे लिहिणार होतो. तेही असत्यच. कळवूनही तू आली नाहीस तर, हे भय होते. न कळवता एकटे असणे सोसवते गं. कळवून एकटे असणे सोसवणार नाही.

म्हणून हे पत्र. माझ्या घराचे उत्तर दुरुस्त कर. आणि जमल्यास ये. त्या सर्जनांच्या दारापर्यंत माझ्या डाव्या बाजूने चाल.

हे पत्र ज्यांच्या दृष्टीस पडेल, त्या सर्वांना वेदनेच्या वेळी हाक मारण्याचे धैर्य लाभो, आणि त्यांच्या हाकेला ओ मिळो.

तुझाच,
बाबा